लोणारचे हिरवे पाणी

जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरात अडकलेल्या महाराष्ट्राच्या नजरा बुलढाणा जिल्ह्याकडे वळल्या. आधी नाव शैवालाचे घेतले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी स्थिर ठेवले की ते तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा त्यांचे फावले होते. पावसानंतर रंग ओसरला. बातमी गुलाबी रंगाची झाली, पण लोणारचे खरे दुखणे-खुपणे कळते ते त्याच्या रोजच्या हिरव्या रंगावरून.

हा हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायराचा, म्हणजे औषधाच्या दुकानात स्पिरुलिना म्हणून मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या शैवालाचा. सूक्ष्मदर्शकाखाली तो मळसूत्रासारखा पिळलेला धागा दिसतो. पाण्याचा सामू १० च्या आसपास, पण याला तेच मानवते, कारण विरघळलेले बायकार्बोनेट हेच त्याचे कार्बनचे कोठार. शिवाय अशा सोड्याच्या पाण्यात कॅल्शियम साक्याच्या रूपाने खाली बसते, त्यामुळे फॉस्फरस त्यात अडकून न पडता शैवालाच्या वाट्याला येतो. वरचा थर इतका दाट होतो की खाली ऊन पोचत नाही. तळच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कमळजादेवीच्या मंदिराकडून काठाशी उतरताना नाकात शिरणारा कुजका वास त्याचाच.

हे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवराच्या तळाशी आहे आणि तिथून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाऊस येतो, काठावरच्या धारेचे गोडे पाणी येते आणि बरेचसे वाफ होऊन जाते. क्षार मागे उरतात. एकेकाळी ते काढून साबण आणि काचेसाठी विकले जात.

समुद्रकाठी पाण्याची वाट बंद होण्याची हीच अवस्था अधूनमधून येते. चेन्नईच्या अड्यार नदीचे मुख कोरड्या दिवसांत वाळूने बुजते. भरती-ओहोटी थांबली की वाढलेले शैवाल वाहून जात नाही, खतही आतच साठते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेंट लुसिया खाडीचे मुख दीर्घकाळ बंद राहिले, काही भागांत पाणी समुद्राहून कितीतरी खारट झाले, आणि २००९ च्या मध्यापासून जवळजवळ दीड वर्ष ते नारिंगी सायनोबॅक्टेरियाने भरून गेले. पण पूर आला की वाळू फुटते आणि साचलेले सारे समुद्रात जाते.

लोणारला असा पूर कधीच मोकळे करणार नाही. वरच्या गावातून उतरलेले सांडपाणी इथेच मुरते. आणि गोड्या पाण्याचा ओघ वाढून सामू उतरला, तर आर्थ्रोस्पायराची सद्दी संपून साध्या तळ्यातली शैवाले शिरकाव करतील. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या दर्जाला साजेशी एक कायमची प्रयोगशाळा विवराच्या काठावरच हवी. तिथे पातळी, सामू आणि शैवालाची दरमहा नोंद व्हावी, आणि गावाकडून काय उतरते आहे तेही त्याच वहीत लिहिले जावे.