हर्नियाची शस्त्रक्रिया : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

अंत्रगळ, म्हणजे आता खेडोपाडीही रुळलेल्या शब्दात हर्निया, या विकाराविषयी ज्याला स्वतःचे काही मत नाही असा प्रौढ गृहस्थ विरळाच. कोणाच्या मामांना बसवलेली जाळी म्हणे आत सडली, कोणा शेजाऱ्याचे काम दुर्बिणीतून तासाभरात उरकले, कोणी नुसत्या पट्ट्यावर वीस वर्षे काढली, अशा दाखल्यांवर पुष्कळांचे निर्णय ठरत असतात. हे दाखले सर्वस्वी खोटे असतात असे नव्हे. परंतु कोणत्या जातीचा हर्निया, कोणाच्या देहात आणि कोणाच्या हातून दुरुस्त झाला, हा तपशील त्यांतून गळालेला असतो, आणि शस्त्रक्रियांची तुलना करताना सारा निकाल त्या तपशिलावरच अवलंबून राहतो.

पोटाच्या भिंतीत, म्हणजे जांघेत, बेंबीत वा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणात, एखादी जागा क्षीण होऊन तिच्यातून आतडे किंवा आतली चरबी बाहेर डोकावू लागली की हर्निया झाला. प्रौढ माणसात हे भोक औषधाने, व्यायामाने किंवा पट्ट्याने बुजत नाही. पट्टा फुगवटा दाबून धरतो, याहून अधिक काही करत नाही. मात्र याच्या अगदी उलट टोकाची समजूत, की निदान होताच टेबलावर आडवे झाले नाही तर प्राणावर बेतते, तीही तपासून पाहण्याजोगी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत जांघेचा हर्निया असलेल्या, पण फारशी तक्रार नसलेल्या सातशेवीस पुरुषांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांवर नुसती देखरेख ठेवली. देखरेखीखालच्या एक हजार माणसांमागे वर्षाला आतडे एकाएकी अडकण्याचे प्रसंग दोनांहूनही कमी भरले. तरीही दहा वर्षांच्या मुदतीत त्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोक, बहुतेक करून दुखण्याला कंटाळून, शस्त्रक्रियेकडे वळलेच. तेव्हा थांबण्याने शस्त्रक्रिया सहसा टळत नाही, लांबते. आणि ती लांबवण्याची मुभा अशा पुरुषांना बेलाशक आहे.

ही मुभा स्त्रियांना मात्र देता येत नाही. हर्निया हा पुरुषांचाच रोग, अशा समजुतीपायी कित्येक बायकांच्या जांघेतली गाठ वर्षानुवर्षे अंगावर काढली जाते. स्त्रियांत मांडीच्या मुळाशी, रक्तवाहिन्यांलगतच्या अरुंद वाटेने उतरणारा हर्निया तुलनेने अधिक आढळतो, आणि वाट अरुंद म्हणूनच त्यात आतडे अडकण्याची जोखीम मोठी असते. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत स्त्रियांची शस्त्रक्रिया वेळेवर, आणि तज्ज्ञ उपलब्ध असल्यास दुर्बिणीतून करावी अशी शिफारस आहे. कारण मागच्या बाजूने पाहिले असता जांघेच्या दोन्ही वाटा एकदमच दृष्टीस पडतात आणि एकाच जाळीने झाकता येतात. गाठ टणक होऊन दुखू लागली, आत जाईनाशी झाली, वर उलट्या सुरू झाल्या, तर स्त्री असो वा पुरुष, सकाळ होण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

आता जाळीचा वाद. इटलीतील पादुआ येथील एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८७ साली आपली पद्धत जगापुढे मांडली आणि जांघेची मागची भिंत टाक्यांनी नव्याने उभारण्याचा शास्त्रशुद्ध शिरस्ता पाडला. पुढची जवळजवळ शंभर वर्षे शल्यविशारद त्याच वाटेने चालले. या पद्धतीचे वैगुण्य म्हणजे ताण. विरलेल्या धोतराच्या दोन कडा ओढून शिवल्या तर शिवण टिकते, पण तिच्या बाजूचे कापड फाटते. तीच गत अशक्त पडद्यांवर घातलेल्या टाक्यांची होई. लॉस एंजलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी कडा ओढण्याऐवजी भोकावर पॉलिप्रॉपिलीनची जाळी ठिगळासारखी बसवली, आणि १९८९ साली अशा एक हजार शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध करून त्यांत एकाही रुग्णाचा हर्निया उलटला नसल्याचे नमूद केले. तो शून्य पुढच्या मोठ्या चाचण्यांत टिकला नाही, हे खरे. पद्धत मात्र टिकली.

ही शस्त्रक्रिया जागेपुरती भूल देऊन करता येते, आणि तिच्यातली एक गोष्ट सामान्य वाचकास नवलाची वाटेल. साधारण सात सेंटिमीटर रुंद व पंधरा लांब अशी जाळी, वीर्यनलिकेच्या दोरासाठी एका टोकाला चिरून, शेपटाची दोन टोके त्या दोराभोवती एकावर एक आणून शिवली जाते. आणि टाके घालताना टेबलावरच्या जाग्या रुग्णास सांगतात, ‘काका, जरा जोरात खोका.’ काका खोकतात, जाळी फुगते आणि खाली बसते, आणि ती पुरेशी सैल आहे की नाही हे शल्यविशारदास त्या क्षणी प्रत्यक्ष दिसते.

जाळी सडत नाही. शरीराच्या ऊती तिच्या छिद्रांतून वाढून तिला सामावून घेतात. अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून निघालेला हिशेब असा, की टाक्यांच्या तुलनेत जाळीच्या दर ४६ शस्त्रक्रियांमागे एक हर्निया उलटण्यापासून वाचतो. फायदा खरा आहे, आणि त्याचे माप हे आहे. जाळीच्या कैवाऱ्यांनी आणि विरोधकांनी दोघांनीही ते ध्यानात ठेवावे. जांघेत महिनोन्‌महिने रेंगाळणारे दुखणे मात्र कल्पित नव्हे. शस्त्रक्रियेनंतर दहांपैकी सुमारे एकाला ते कमीअधिक प्रमाणात राहते. पण त्याचे सारे खापर जाळीवर फोडता येत नाही, कारण तिथल्या नाजूक मज्जातंतूंना टाक्यांच्या शस्त्रक्रियेतही इजा होते.

जाळीविना केलेले काम टिकतच नाही, हाही तितकाच एकांगी समज. कॅनडात टोरोंटोजवळचे शोल्डाइस इस्पितळ जांघेची भिंत चार थरांत शिवते, आणि तिथली उलटण्याची सरासरी उत्तम मानली जाते. मात्र तिथे लठ्ठ रुग्णास आधी वजन उतरवून यायला सांगतात, आणि तिथले शल्यविशारद दिवसभर हेच एक काम करत असतात, हे विसरू नये. आपल्या पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी रुग्णाच्याच स्नायुपडद्याची एक पट्टी, तिची दोन्ही टोके शरीराशी जोडलेली ठेवून, भिंतीला आधार म्हणून शिवण्याची पद्धत काढली. पोलंडमधील २०८ पुरुषांच्या चाचणीत तीन वर्षांअखेर तिच्यात आणि जाळीत प्रत्येकी दोनच हर्निया उलटले. मोठ्या बेंबीच्या किंवा व्रणातल्या हर्नियाला मात्र हा दाखला लावू नये. व्रणाच्या हर्नियात दहा वर्षांनी टाक्यांचे ६३ टक्के, तर जाळीचे ३२ टक्के काम फसल्याचे एका डच चाचणीत दिसून आले. तिथे जाळीला सहसा पर्याय नाही.

महाग जाळी तीच चांगली, ही समजूत खोडून काढण्याचे श्रेय धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा गावाकडे जाते. तेथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळीच्या जागी वापरले, खर्च नगण्य. युगांडात तीनशेहून अधिक पुरुषांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मच्छरदाणीची जाळी व बाजारातली महाग जाळी यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. अर्थात घरची मच्छरदाणी घेऊन कोणी दवाखान्यात जाऊ नये. कापडाची जात आणि निर्जंतुकीकरण यांवर सारे अवलंबून असते.

उरली दुर्बीण. तिच्यात जाळी लागत नाही असे अनेकांना वाटते. वास्तविक तिच्यातली जाळी उलट मोठी असते, स्नायूंच्या मागे बसवलेली. जाहिरातीत ‘लेझर’ हा शब्दही दिसतो, पण किरणाने भोक शिवले जात नाही. दुर्बिणीने सुरुवातीचे दुखणे कमी होते आणि माणूस लवकर कामाला लागतो, हे निर्विवाद. दोन्ही जांघांचा हर्निया असेल किंवा पुढून केलेले काम उलटले असेल, तर तिची उपयुक्तता विशेषच. त्या बदल्यात बहुधा पूर्ण भूल घ्यावी लागते आणि हात तयार व्हायला काळ जातो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांतली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन वर्षांअखेर दुर्बिणीचे १०.१ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेचे ४.९ टक्के हर्निया उलटले. परंतु अडीचशेहून अधिक शस्त्रक्रिया केलेल्या हातांत दुर्बिणीचा आकडा बराच खाली आला. म्हणून ‘दुर्बिणीने की चिरून?’ या प्रश्नाआधी ‘डॉक्टर, यांतली कोणती पद्धत आपण नेहमी करता?’ असे विचारण्यास कोणाची हरकत नसावी.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने वजन उचलायचे नाही, जिना चढायचा नाही, हा घरोघरचा हुकूमही जुन्या ताणाच्या टाक्यांच्या काळातला आहे. शोल्डाइसकडे रुग्ण टेबलावरून उतरून स्वतःच्या पायांनी चालू लागतो, आणि जांघेच्या साध्या हर्नियात, गुंतागुंत नसल्यास, दुखणे सोसेल तितके नेहमीचे व्यवहार तीन ते पाच दिवसांत सुरू करावेत, असे २०१८ ची सूत्रे सांगतात. व्रणाच्या मोठ्या हर्नियाला ही मुदत लागू नाही. तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्याचा शब्द पाळावा.