नावात लपलेला करार

मुलांनो, वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे गाव तुम्ही ऐकले असेल. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीला येथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. हा सारा भाग वऱ्हाडात येतो. उर्दूत आपण त्याला बरार म्हणतो.

युरोपीय लोक नवा मुलूख जिंकला की त्याला आपले नाव देत. आफ्रिकेतील एका देशाला त्यांनी सेसिल ऱ्होड्सच्या नावावरून ऱ्होडेशिया म्हटले. तो १९८० मध्ये झिंबाब्वे झाला. वऱ्हाडला मात्र त्यांनी माणसाचे नाव दिले नाही, कराराचे दिले!

इंग्रजांची एक फौज निझामाच्या खर्चाने चाले. तिचे पैसे थकले. तेव्हा १८५३ च्या कराराने इंग्रजांनी वऱ्हाडचा वसूल आपल्या हाती घेतला. मुलूख निझामाचाच, आपण फक्त कारभार पाहतो, असे ते सांगत. म्हणून नाव ठेवले 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे हैदराबादने सोपवलेले जिल्हे. ठेव म्हटली की हिशेब आला. पण १८६० च्या करारात निझामाचा हिशेब मागण्याचा हक्कही गेला. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले.

एवढा सोस कशासाठी? काळ्या जमिनीतील कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस 'उमरा' नावाने विकला जाई. उर्दूतील उमरा म्हणजे अमीर मंडळी, हे तुम्ही जाणता. पण हे नाव आले अमरावतीवरून. ज्याने तो पिकवला, तो काही अमीर झाला नाही.

कापूस नेण्यासाठी आगगाडी आली. १८६७ मध्ये ती वऱ्हाडातून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा झाला. याचा मोठा फटका बंजाऱ्यांना बसला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. ते काम गेले. वर इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच 'गुन्हेगार' ठरवले. पुढे अनेक ठिकाणी बंजाऱ्यांवरही हा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

बंजारे स्वतःला काय म्हणतात, ठाऊक आहे? 'गोर'. पोहरादेवीच्या यात्रेत हा शब्द तुमच्या कानावर पडेल.