तुरुंगाऐवजी समाजसेवा



विहिरीवरच्या मोटारीची केबल जाते, खळ्यावरचे पोते जाते. चोर सापडला, की पुष्कळदा तो गावातलाच एखादा पोरगा निघतो. मग दोनच सूर ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘चांगला ठोका’. कोणी म्हणतो, ‘जाऊ द्या, आपलाच आहे’. ठोकणे हाही गुन्हाच, आणि सोडून दिले तर पोरगा सोकावतो. आता कायद्यानेच तिसरी वाट दाखवली आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कैद आणि दंड यांच्या जोडीला समाजसेवा ही नवी शिक्षा आली. न्यायालय सांगेल ते लोकांच्या उपयोगाचे काम करायचे, मजुरी मात्र मिळायची नाही.

चोरीचे कलम ३०३. त्यात तीन अटी आहेत. माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा हवा. चोरीत दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ हवी. आणि माल, नाहीतर त्याची किंमत, परत केलेली हवी. तिन्ही जुळल्या तर शिक्षा समाजसेवेची. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला, तरी न्यायालय ही शिक्षा देऊ शकते.

मात्र एक ध्यानात ठेवा. राहत्या घरातून किंवा माल साठवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागते. तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे, ही सवलत नाही.

‘ही कसली शिक्षा?’ असे तुम्ही म्हणाल. पण पोरगा तुरुंगात गेल्याने तुमची केबल परत येते का? उलट त्याच्या घरची मजुरी बुडते, आणि आत त्याची गाठ सराईतांशी पडते. इथे आधी तुमचा माल परत येतो, मग तो लोकांदेखत फुकट राबतो. त्याच्या घामाचा उपयोग लोकांना होतो. काम टाळले तर कैद आहेच.

वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. गरजूंना तिथे मोफत वकील मिळतो.

शेवटचे काम मात्र गावाचे. शिक्षा भोगून झाली, की विषय संपला पाहिजे. त्याला जन्मभर ‘केबलचोर’ म्हणत राहिलो, कोणी कामावर घेतले नाही, तर कायद्याने उघडलेले दार आपणच लावून घेतले असे होईल.