एक जू उतरवून दुसरे कशासाठी?

परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावात एखाद्या पंथात शिरणे सोपे असते. बाहेर पडणे तितके सोपे नसते. पंथाबरोबर पंगत येते, सोयरीक येते, दुखण्याखुपण्यात धावून येणारी माणसे येतात. पुढे बंधने वाढत जातात. मनाने माणूस केव्हाच दूर झालेला असतो, तरी तोंडाने होकार देत राहतो. कारण नकार दिला तर घरच्या कार्याला कोण येईल आणि तिरडीला खांदा कोण देईल, हा प्रश्न त्याला गप्प बसवतो. श्रद्धा संपते, भीती उरते आणि पाहणाऱ्याला ती भीतीच भक्ती वाटते.

हा पेच आजचा नाही. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तो दोनदा आला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. परंतु कर्मकांडावरील त्यांची निष्ठा अढळ होती. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले, स्नाने आणि उपास केले, जवळचे द्रव्य दानधर्मात संपवले. दुष्काळ आला तेव्हा अंगमेहनतीचे काम करणे जातीच्या अभिमानाला पटेना. १८७४ च्या सुमारास वडील, आई आणि पाठोपाठ थोरली बहीण अन्नावाचून गेली. सर्व विधी यथासांग करूनही देव धावून आला नाही, हा अनुभव रमाबाईंच्या मनात खोल रुतला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठाने त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. येथे नव्या मागण्या सुरू झाल्या. धर्ममताची कलमे जशीच्या तशी मान्य करावीत, वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडू नये, अशी अपेक्षा होती. चेल्टनहॅम येथे तरुण पुरुषांना शिकवण्याच्या त्यांच्या विचारालाही बिशपांनी हरकत घेतली. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असा रमाबाईंचा सवाल होता. १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट कळवले की, पुरोहितवर्गाचे एक जू आपण नुकतेच उतरवले आहे. तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. ख्रिस्तावरील श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.

सिस्टर जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांची माया खरी होती आणि म्हणूनच हे प्रकरण विचार करण्याजोगे आहे. कडक संघटना पुष्कळदा जुलमाने नव्हे, उपकाराने माणूस बांधतात. आधार दिला म्हणून कृतज्ञता मागणे रास्त. बुद्धी गहाण मागणे रास्त नव्हे.

रमाबाई नाही म्हणू शकल्या, याचे कारण केवळ स्वभाव नव्हे. त्यांच्याजवळ स्वतःची विद्या होती. संस्कृत शिकवून त्या चेल्टनहॅमला राहू शकल्या, १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तेथे मदत उभी करून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे १८९३ मध्ये पुण्यात याच सदनातील विधवा मुलींच्या धर्मांतराबद्दल वाद पेटला, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. आश्रय आणि आज्ञा यांतील सीमा किती पुसट असते, हा धडा जू झुगारणाऱ्यालाही सुटत नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बहिष्कार घालणाऱ्याला कायदा शिक्षा देईल. पण पंगतीतून उठलेल्या माणसाला ताट वाढून देणे कायद्याच्या हाती नाही. ते शेजाऱ्याच्या, शिक्षकाच्या, कचेरीतील सोबत्याच्या हाती आहे. एखाद्या मुलीच्या गळ्यातली माळ किंवा एखाद्या तरुणाचा उपास त्याच्या खुशीचा असेल, तर त्याचा मान राखावा. ती खुशी संपली असे त्याने सांगितले, तर त्याच्याशी बोलणे तोडू नये. पंथाची खरी पारख त्यात येणाऱ्यांच्या संख्येवरून होत नाही. सोडून जाणाऱ्याला वाटेत पाणी मिळते की नाही, यावरून होते.