पॉइंट किती, पैसे किती?
जळगावच्या सराफ बाजारात क्रेडिट कार्ड पुढे करण्याआधी त्याचे नियम वाचा. सोने आणि पेट्रोलवर बरीच कार्डे पॉइंट देतच नाहीत. धुळ्याहून महामार्गावर रोज गाडी पळवणाऱ्याने इंधन अधिभाराची सूट बघावी. पॉइंट २५ पैशांचा असेल तर १००० पॉइंटांचे २५० रुपयेच होतात; ५०० रुपयांचे वार्षिक शुल्क मात्र १८ टक्के जीएसटीसह ५९० पडते. बिल थकले, तर मग कसले पॉइंट!

पॉइंटांपेक्षा फसवणुकीपासूनचे संरक्षण जास्त मोलाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, तिऱ्हाइताने परस्पर पैसे उडवले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवले, तर त्याला भुर्दंड नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.