पडद्यावरचे बंड कोणाचे?

वयात येणारा मुलगा बापाला उलटून बोलतो, ही गोष्ट घरोघरी घडते. तथापि त्या बोलण्याला नाव काय मिळावे, हे घर पाहून ठरते. सुखवस्तू घरातला मुलगा बोलला, तर तो बाणेदार; मजुराचा बोलला, तर तो माजला. चित्रपटांनी हा भेद कसा जपला व पुढे तो कोणी मोडला, एवढेच येथे पाहू.

१९५५ साली अमेरिकेत 'रिबेल विदाऊट अ कॉज' हा चित्रपट निघाला. जेम्स डीनने वठविलेल्या त्यातील नायकाला कशाची ददात नाही. फिरायला मोटार आहे. त्याचे दुःख खोटे नव्हे, घरात त्याचे ऐकून घेणारे कोणी नाही. पण काळ्या वर्णाची व्यक्ती या चित्रपटात ठळकपणे दिसते ती एकच : नायकाच्या मित्राला सांभाळणारी मोलकरीण. तिच्या घरीही एखादे वयात आलेले मूल असेल, याची चौकशी कोणी करीत नाही.

त्याच वर्षीच्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्ये सिडनी पॉइटियरने गॅरेजात काम करणारा काळा विद्यार्थी उभा केला. वर्गात दंगा होताच मास्तरांचा पहिला संशय त्याच्यावर जातो. खरा दांडगा गोरा निघतो. पुढे १९६१ साली 'वेस्ट साइड स्टोरी' आला. त्यातील प्युर्तो रिकोच्या नायिकेची भूमिका मात्र गोऱ्या नॅटली वुडला मिळाली; त्या बेटावर जन्मलेल्या रिटा मोरेनोच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली. तिने त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळविले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 'आवारा' (१९५१) बजावून सांगतो की, माणूस जन्माने गुन्हेगार होत नाही. विचार मोलाचा, पण झोपडपट्टीत वाढलेला हा नायक मुळात न्यायाधीशाचाच मुलगा असतो! 'जंगली'तला (१९६१) शम्मी कपूर आईची करडी शिस्त झुगारतो, तो श्रीमंत घराण्याचा वारस म्हणून.

बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) याहून पुढे गेला. अस्पृश्य मानलेल्या घरात जन्मलेली पोरकी मुलगी त्याची नायिका झाली. परंतु रूढीविरुद्ध उभा राहतो तो तिच्यावर प्रेम करणारा ब्राह्मण तरुण. सुजाता मुकाट्याने सोसते. सुलोचनाबाईंनी केलेली पालक आई तिला खऱ्या अर्थाने पोटाशी धरते, ती सुजाताने रक्त दिल्यानंतर. म्हणजे वरच्याने बंड करावे आणि खालच्याने त्याग करून आपली लायकी सिद्ध करावी, अशी ही वाटणी होती.

मराठीत ही वाटणी नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'त (२०१३) मोडली. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. गावाच्या हुकमावरून घरच्यांबरोबर त्याला डुकरे धरावी लागतात आणि वर्गसोबती हसत असतात. शेवटी तो धोंडा उचलून फेकतो, तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने येतो. ही भूमिका करणारा सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या खेड्यातला मुलगा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे व्हायला इतकी वर्षे का लागली? आमच्या मते, बंड करायलाही उसंत लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या कुटुंबातले पोर दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडात असते. त्याचे बालपण संपते व कष्ट सुरू होतात. मधले रुसण्याचे, भांडण्याचे वय त्याला मिळतच नाही. ज्यांना ते मिळाले, त्यांच्याच कथा लिहिल्या गेल्या.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये कोणी अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, बिहारचा असो वा परतूरचा, मुकादमाला विचारतो, "हजेरीपुस्तकात माझे नाव का नाही?" त्याच्याजवळ मोटार नाही, लाल जाकीटही नाही. तरी हे बंडच आहे. ते ऐकून 'पोरगा माजला' असे म्हणण्यापूर्वी नगरातील सुज्ञांनी त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे, एवढीच आमची विनंती.