कर्तृत्वाची वानगी

धान्याच्या बाजारात पोते कोणी पूर्ण ओतून पाहत नाही. मूठभर वानगी तळहातावर घ्यावी, दाणा दाताखाली फोडून पाहावा, आणि तेवढ्यावर शेकडो पोत्यांचा सौदा ठरावा, ही आपली जुनी रीत आहे. वानगी म्हणजे न पाहिलेल्या मालाविषयी दिलेला शब्दच होय. आपल्या मुलामुलींच्या नोकरी-व्यवसायाच्या क्षेत्रातही आता असाच एक वानगीचा बाजार उभा राहिला आहे. त्याचा परिचय आपल्या बंधुभगिनींस व्हावा, या हेतूने हे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

या बाजाराचे नाव लिंक्डइन. अमेरिकेत रीड हॉफमन व त्यांचे काही सहकारी यांनी २००२ च्या अखेरीस ही संस्था काढली आणि ५ मे २००३ रोजी ती लोकांस खुली केली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने २६ अब्ज २० कोटी डॉलर देऊन ती विकत घेतली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिच्या सभासदांची संख्या शंभर कोटींवर गेल्याचे जाहीर झाले. अमेरिकेच्या खालोखाल सर्वांत अधिक सभासद आपल्या भारतातले आहेत. इतर समाजमाध्यमांवर माणूस लग्न-मुंजीची छायाचित्रे लावतो; येथे तो आपल्या कामाची ओळख देतो. शिक्षण, अनुभव व सध्याचे काम यांचे टिपण हा तिचा एक भाग, आणि वेळोवेळी लिहिलेले छोटे लेख, ज्यांस ‘पोस्ट’ म्हणतात, हा दुसरा. टिपण एकदा लिहिले की बहुधा तसेच पडून राहते. पोस्ट मात्र फिरत राहते. म्हणून तिच्याविषयीच येथे विशेष लिहावयाचे आहे.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत हा विषय कशाला? त्याचे कारण असे. आपल्या वडिलांच्या काळी मुलगा परगावी निघाला की त्याच्या हाती एक चिठ्ठी असे. त्या गावच्या पेढीचा मालक ती वाची, सही ओळखी, आणि मुलाची सोय लागे. चिठ्ठीत शब्द थोडे असत, पण त्यांमागे घराण्याची पत असे. आज आपली मुले पुण्यास, बेंगळुरूस, हैदराबादेस जातात. तेथील अधिकाऱ्यास आपली पेठ ठाऊक नाही आणि आपली सहीही ठाऊक नाही. तेव्हा ती चिठ्ठी आता मुलांना स्वतःच लिहावी लागते, आणि ती एकाने नव्हे, तर हजारांनी वाचावयाची असते.

यास शास्त्राचाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. बोस्टनजवळ ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांस त्याने विचारले, की ज्याच्याकडून बातमी कळली त्यास तुम्ही कितीदा भेटत होता? वारंवार भेटणाऱ्याकडून कळली असे सांगणारे शेकडा सुमारे १७ निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली असे सांगणारे सुमारे ५६, आणि क्वचित भेटणाऱ्याकडून असे सांगणारे सुमारे २८. कारण उघड आहे. जवळच्या माणसास जे ठाऊक असते ते बहुधा आपणासही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीकडून येते. पुढे २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटींवर सभासदांवरील प्रयोगांचा वृत्तांत आला. त्यातही अतिशय घट्ट ओळखीपेक्षा बेताच्या सैल ओळखीच नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडल्याचे दिसून आले. आपल्या धंद्यातही परगावच्या भावाची खरी बातमी शेजारच्या दुकानदाराकडून नव्हे, तर त्या गावच्या अडत्याकडूनच मिळते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

माझा एक पुतण्या पुण्यास एका मालवाहतुकीच्या कंपनीत होता. कंपनीने ते खातेच बंद केले. घराच्या कर्जाचे हप्ते चालू, धाकटी मुलगी शाळेत, आणि पगार बंद. तीन महिने त्याने अर्जांमागून अर्ज केले. लिंक्डइनवरही ‘नोकरीच्या शोधात आहे, कृपया साहाय्य करावे’ असे लिहिले. सहानुभूतीचे शब्द पुष्कळ आले. काम आले नाही. कारण तो काय करू शकतो, हे वाचणाऱ्यास त्यातून कळतच नव्हते. मग त्याने निराळी पोस्ट लिहिली. गोदामाच्या दारात मालमोटारी सहा-सहा तास खोळंबत. प्रत्येक गाडीस आधी वेळ नेमून दिल्याने तो खोळंबा अडीच तासांवर कसा आला, पहिल्या आठवड्यात कोठे फसले, आणि मुकादमाने कोणती सूचना केली, हे त्याने पंधरा-वीस ओळींत मांडले. कंपनीचे नाव, गिऱ्हाइकांची नावे व दर यांतले काही लिहिले नाही. चार वर्षांत ज्याच्याशी एकदाही बोलणे झाले नव्हते अशा एका जुन्या सहकाऱ्याने ती वाचली व आपल्या वरिष्ठांस दाखविली. बोलावणे आले, तीन मुलाखती झाल्या, आणि नोकरी लागली. नोकरी पोस्टने दिली असे म्हणता येणार नाही, ती त्याच्या कामाने दिली. परंतु दार उघडले ते त्या पंधरा-वीस ओळींनी.

आपल्याकडील मर्यादाशील घरांतून येणारा आक्षेप असा, की स्वतःची स्तुती स्वतः करणे शोभत नाही. आक्षेप योग्य आहे; पण स्तुती आणि हकीकत यांत अंतर आहे. ‘आमचा गहू सर्वोत्तम’ ही स्तुती. ‘हा गहू, हा त्याचा ओलावा, हे त्यातील कचऱ्याचे प्रमाण’ ही हकीकत. लिओनार्दो दा विंची हा जगद्विख्यात चित्रकार. त्याने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्या पदरी राहण्यासाठी जे पत्र योजिले, त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात त्याने हलके पूल, तोफा, किल्ला फोडण्याच्या युक्ती अशी दहा कलमे मांडली आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. कारण त्या सत्ताधीशास युद्धाची चिंता होती. वाचणाऱ्याची गरज ओळखून आपले काम सांगावे, हा धडा पाचशे वर्षांनंतरही तेवढाच खरा आहे.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. समजा, अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली एखादी कन्या डाळ गिरणीत मालाची तपासणी करते. ती असे लिहील : ‘मला कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, माझ्या कार्यक्षेत्रात उत्कृष्ट कामगिरी बजावून मी यशाचे नवे शिखर गाठले आहे.’ हे वाचून कोणास काय बोध होणार? आता दुसरा नमुना पाहा : ‘जुलैत आलेल्या तुरीच्या गाडीत वरच्या पोत्यांचा ओलावा ११ टक्के निघाला आणि मधल्या थराचा १४. तेव्हापासून आम्ही वानगी वरून, मधून व तळातून अशी तिन्ही ठिकाणांहून काढतो. साल न सुटण्याची तक्रार दोन महिन्यांत पुष्कळ घटली. ही सूचना मूळची आमच्या गोदामातील एका हमालाची. पावसाळ्यात आपल्याकडे वानगी कशी काढतात?’

या दुसऱ्या नमुन्यात सारे नियम आले आहेत. पहिला असा, की आरंभीच अडचण सांगितली. लिंक्डइनवर पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर ‘अधिक पाहा’ यावर बोट ठेवल्यावरच उघडतो. म्हणून नमनाला घडाभर तेल येथे परवडत नाही. दुसरा, एका पोस्टमध्ये विषय एकच. तीन हजार अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण ती संपविलीच पाहिजे असे नाही. तिसरा, विशेषणांऐवजी आकडे, आणि तेही खरे. चौथा, श्रेय ज्याचे त्यास दिले. त्याने लिहिणाऱ्याचे वजन वाढतेच, कमी होत नाही. पाचवा, शेवटी असा प्रश्न विचारला, की ज्याचे उत्तर जाणून घेण्याची लिहिणाऱ्यास खरोखर इच्छा आहे. उत्तरे आली की त्यांस आस्थेने प्रत्युत्तर द्यावे. दुकान उघडून गल्ल्यावर कोणी बसलेच नाही, असे होऊ नये. आठवड्यास एक पोस्ट पुष्कळ झाली. परंतु नेम मोडू नये.

भाषेविषयीही थोडे लिहितो. परप्रांतीय वाचकांसाठी इंग्रजी लागेलच. पण मराठीतून लिहिण्यास तेथे कसलीच आडकाठी नाही. जेथे गिऱ्हाईक वा वरिष्ठ मराठी आहे तेथे मराठीतील सरळ चार ओळी अधिक पोचतात. हल्ली यंत्राकडूनही मजकूर लिहवून घेता येतो. शुद्धलेखन तपासण्यास त्याचे साहाय्य जरूर घ्यावे. परंतु आपल्या गोदामात काय घडले हे यंत्रास ठाऊक नसते, म्हणून ते गोड आणि पोकळ लिहिते. मुलाखतीत त्याच पोस्टविषयी दोन प्रश्न विचारले गेले, की उसनी वानगी उघडी पडते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मालकाचे दर, गिऱ्हाइकांची यादी, करारातील अटी उघड्यावर मांडू नयेत. जो जुन्या धन्याचे गुपित फोडतो, त्यास नवा धनीही विश्वासाने ठेवीत नाही. नोकरी सोडल्याच्या रात्री रागाच्या भरात काही लिहू नये. पोस्ट पुढे पुसता येते, पण कोणी तिचे चित्र काढून ठेवलेले पुसता येत नाही. आणि नोकरीचे आमिष दाखवून ‘नोंदणी शुल्क’ वा ‘अनामत’ मागणारा निरोप आला, तर एक पैसाही पाठवू नये. खरा मालक पगार देतो, नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. कोणी फसलाच, तर लाजून गप्प न राहता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितका पैसा परत मिळण्याचा संभव कमी.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलगा वा सून मोबाइलवर लिहीत बसली की ‘वेळ दवडते’ असे आपण चटकन म्हणतो. तसे न म्हणता, काय लिहिले ते एकदा वाचून दाखवावयास सांगावे. त्यांचे इंग्रजी आपणास कदाचित उमगणार नाही. पण एखादा आकडा फुगविलेला आहे काय, दुसऱ्याचे श्रेय लाटले आहे काय, हे ओळखण्याची नजर आयुष्यभर खतावण्या तपासणाऱ्यांपाशी निश्चित आहे. लिहिण्याची चपळाई त्यांची आणि पारख आपली, असा मेळ घराघरांत बसला, तर आपली पुढील पिढी कोणत्याही शहरी गेली तरी तेथे अनोळखी राहणार नाही.